बेरीज

सोहारच्या धावपट्टीचं टोक. पहाटेचे साडेतीन.
फेब्रुवारीचं धुकं समुद्रावरून चालत आलंय,
मीटरची काच मी सदऱ्याच्या टोकानं पुसतोय.

डावीकडे नव्वदचा सूर, उजवीकडे दीडशेचा,
मधोमध दोघांचं वजन सारखं.
त्याच रेषेवरून विमानं उतरतात.
फरक शून्य.
खमीस म्हणतो, खलास, चल, चहा घेऊ.

अरे, दोघंही गप्प बसले
तरी फरक शून्यच येतो.
म्हणून बेरीज बघायची.
चाळीस टक्के हवी. छत्तीस आहे.

परवा आई फोनवर म्हणाली,
तुझं नि मोरेश्वरचं हल्ली भांडण नाही,
बरं झालं.
मी हो म्हणालो.

अँटेनाच्या जोडावरचं मीठ घासून काढलं,
काही फरक नाही. छत्तीसच.
मग मी आत, ट्रान्समीटरपाशी,
स्क्रू नखभर फिरवतोय,
आणि खमीस बाहेर धुक्यात उभा राहून
वॉकीटॉकीवर आकडे ओरडतोय, त्याच्या हिंदीत:
सैंतीस. सैंतीस. अडतीस.
जास्त नको, हळू.
उनतालीस.
बस, बस, हात काढ.

साडेपाचला मालवाहू विमान आलं.
दिवे दिसले तेव्हा चाकं जवळजवळ टेकलीच होती.
वैमानिकाला आमचं काही ठाऊक नाही, नसावंच.

वहीत लिहिलं: फरक शून्य, बेरीज चाळीस.
खाली सही.
चहा निवलेला, वर बारीक वाळू.

इथे सहा. तिकडे साडेसात.
मोरेश्वर दूध घेऊन परतला असेल.