एकशे चार मिनिटं

कॉलेज रोडचा पोरगा, निनाद की निषाद,
जुने सिनेमे जमवतो म्हणे,
पत्ता काढत आला थेट तांबट गल्लीत.
"काका, तुमच्या हेमकलाला लागला होता ना हा?
जपाननं धुऊनपुसून पुन्हा काढलाय. डिस्कवर. पूर्ण.
एकशे चार मिनिटं."

डबी उलटीसुलटी करून पाहिली.
तीच बाई. उघडी पाठ, मानेवर सुटलेली एक बट.
आमच्या पोस्टरवर पेंटर लहानूनं
तिला मराठी नाक काढलं होतं,
नथ तेवढी राहिली होती.

आमच्याकडं हा एकसष्ट मिनिटांचा होता.
सकाळी साडेनऊचा खेळ, फक्त प्रौढांसाठी.
सातपूरची रात्रपाळी सुटून आलेली,
नाशिकरोडचे प्रेसवाले, नोटा मोजून डोळे लाल,
आणि गणिताचे एक निवृत्त मास्तर,
मे महिन्यातही मफलर.
सगळे एकमेकांना ओळखायचे,
ओळख कुणी देत नव्हतं.

छाजेडशेठ म्हणाले, "बडबड काढ.
लोक काय जपानी शिकायला येतात?"
काढली.
रात्री, मशीनच्या मागं, कात्री, सिमेंट, शंभरचा दिवा.
अंगावर कपडे दिसले की कापलं.
सेन्सॉरनं त्याच्या बाजूनं कापलेलं, मी माझ्या,
मधे बाई उरली तेवढी उरली.
आवाजही बंद, वरून शेठ ढोलकीची रेकॉर्ड लावायचे.

काळ्या फिल्ममध्ये चांदी असते.
सराफात एक जण तुकडे किलोवर घ्यायचा,
त्यानं पैशांऐवजी एक जोडव्यांची जोडी दिली.
उरलेसुरले गल्लीतल्या पोरांनी उन्हाला धरून पाहिले:
बाई तांदूळ धुतेय.
हॅट्, म्हणाली पोरं.

आज दुपारी लावला.
भामा आत गवार मोडत होती.
दार लोटलं, आवाज बारीक.
पंचाहत्तरीतही चोर तो चोरच.
आणि पहिली वीस मिनिटं
कुणी कपडेच काढीना.

तिला नाव होतं. ओकिनू.
खालची इंग्रजी अक्षरं मी एकेक लावत वाचतो,
वाक्य पुरं होईतो ती दुसऱ्या खोलीत गेलेली.
बहिरी सासू, तिच्या टाचांना ही रोज तेल लावते.
नवरा तांब्याच्या किटल्या घडवतो.
ठक ठक ठक, मग दम, मग ठक.
उजवा हात जातो त्याचा, भट्टीत.
आणि ज्याच्यासाठी आम्ही तिकिटं फाडली
तो दुसरा,
तो येतो उधारीची वही घेऊन.
ती भुलली की फेड केली,
सिनेमा सांगत नाही.
तिचा चेहरा दोन्ही सांगतो.

मग ती पाठ आली.
मी सवयीनं कान टवकारले, इथं शिट्टी पडायची.
शिट्टी नाही. ढोलकी नाही.
पलीकडच्या खोलीतून ठोके येताहेत,
डाव्या हाताचे,
आणि प्रत्येक ठोक्याला
तिच्या पाठीवरचा एक स्नायू हलतोय.
हे सगळं तेव्हाही होतं त्या पट्टीत.
मीच वाजू दिलं नव्हतं.

दारात भामा. हातात गवारीचं ताट.
मी रिमोट शोधतोय, उशीखाली, धोतराखाली.
तिची नजर पाठीवर नव्हतीच.
तांबटाची पोर, कान लावून उभी.
"नवशिका आहे का? ठोका तिरपा पडतोय.
पत्रा फाटेल अशानं."
"हात गेलाय त्याचा," मी म्हणालो.
"अगं बाई."
बसली खाली, माझ्याकडं न बघता.
"मग बंद कशाला करताय? घडली का किटली, बघू दे."

घडली. वाकडी.
ओकिनू तीत पाणी ओतते, चुलीवर ठेवते,
बराच वेळ काहीच होत नाही.
एवढा वेळ तर मी कुणालाच दिला नसता.

शेंगा मोडायच्या थांबल्या होत्या.
भामाच्या पायाचं बोट फरशीवर
त्याचा तिरपा ठोका सरळ करून देत होतं,
हळूच,
जोडव्यासकट.