रकाना क्रमांक चार

विद्यापीठाचा कला महोत्सव यंदा आमच्या कॉलेजात,
आणि माझ्या वाट्याला नोंदणीचं टेबल.
विश्रामबागेच्या रस्त्यावर आम्हीच टांगलेला फलक :
मातकाम कार्यशाळा. सर्वांसाठी खुली. विनामूल्य.
'सर्वांसाठी' हा शब्द
मागच्या वर्षीच्या फलकावरून तसाच उचललेला.

बाराच्या सुमारास ती आली.
हात कोपरापर्यंत पिवळे,
पदराला पिवळी धूळ, कानाच्या पाळीलाही.
"पोरी, हितं पैशे किती?"
नाहीत म्हटल्यावर तिने चपला काढल्या,
त्याही पिवळ्याच निघाल्या.

नाव? मालन दत्तू खोत.
वय? "लिही पन्नास. जास्त वाटत आसलं तर जास्त लिही."
रकाना क्रमांक चार : महाविद्यालय.
ती थांबली. मीही.
"मार्केट यार्ड," ती म्हणाली, "गाळा बावीस. हळद निवडायला."
लिहिलं. रकान्यात नेमकं मावलं.

आत वीस मुलं, दोन प्राध्यापक
आणि बडोद्याहून आलेले देवव्रत सर.
गोळे वाटून झाल्यावर ते म्हणाले,
डोळे मिटा. मातीशी ओळख करून घ्या.
सगळ्यांनी मिटले.
मालनबाईंनी नाही.
"वळख हाय की," त्या म्हणाल्या,
"म्हापुरात आट दीस आमच्याच घरात ऱ्हायलीया.
लाइटीच्या बटनापतोर.
उलथन्यानं खरवडून काढली हिला."
कुणीतरी हसलं,
मग ते हसू कुठे ठेवावं त्याला कळेना.
माती खरोखरच हरिपुरातली,
संगमाच्या अलीकडची. टेम्पोचं भाडं सातशे.
पावती माझ्याकडेच होती.

तासभर कुणी फारसं बोललं नाही.
गणपती झाले, दोन हत्ती, एक बरा चेहरा,
बी. कॉम.च्या मुलाचा अ‍ॅशट्रे
जो प्राध्यापक जवळ येताच त्याने
पणती म्हणून जाहीर केला.
मालनबाई गोळा आतून पोखरत होत्या,
दोन बोटं घालून, फिरवत, फिरवत,
तोंड लहान, पोट मोठं.
"सुंदर पॉट," देवव्रत सर म्हणाले.
"तोंड थोडं रुंद करा."
"भांडं न्हवं वो. पेव हाय.
रुंद केलं तर पाऊस आत शिरंल."

सर बसले. खाली, सतरंजीवरच.
हळद जमिनीच्या पोटात कशी निजते ते आम्ही ऐकलं,
तोंड कसं लिंपायचं,
आणि वर्षा-दोन वर्षांनी ते फोडल्यावर
लगेच उतरायचं नाही.
आधी दोरीला कंदील बांधून सोडायचा.
मग माणूस.
कंदील विझला तर माणूस नाही.
"माझा बा उतरायचा. मी वरनं दोरी धरायची.
सात वर्साची आसंन."
कुणी शिकवलं दोरी धरायला, एका मुलीने विचारलं.
"ती काय शिकवायची गोष्ट हाय?
खाली बा आस्तोय."

पेवाचं पुढे काय झालं ते कुणी विचारलं नाही.
पाणी कुठवर आलं होतं हे
त्या मघाशीच सांगून गेल्या होत्या.

तीनला उठल्या. चारला गाडी खाली व्हायची होती.
"उद्या काय आसतंय?"
मुखवटे, मी म्हटलं.
"उद्या आवक हाय गं,"
जशा काही मुखवट्यांनाच सांगत होत्या.

प्रमाणपत्र राहून गेलं.
त्यावर 'विद्यार्थिनी' आधीच छापलेलं,
पुढची जागा मोकळी. मी नाव घातलं,
शाई वाळेपर्यंत फुंकर मारली.

सहाला हॉल बंद करायचा होता.
खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने वाळत ठेवलेले
हत्ती, चेहरा, ती पणती,
आणि शेवटी पेव,
काठावर एक पिवळा अंगठा.
दीपप्रज्वलनाच्या तबकात काडेपेटी होती.
आजूबाजूला कुणी नाही बघून
एक काडी ओढली
आणि हळूच आत सोडत नेली,
बोटाला चटका बसेपर्यंत
जळत राहिली.