चुन्याची डबी

बाप गेला तेव्हा माझ्या वाट्याला आले
स्कूटरचे सहा हप्ते, दीड गुंठा पाणथळ
आणि चुन्याच्या पितळी डबीत
गुंडाळी करून ठेवलेला एक केस.
वीतभर लांब. उन्हात ठेवला तरी ओलाच.

तातू घाडी म्हणजे हिंदळ्याच्या खाडीवरचं शेवटचं नाव.
लोक अजून दारात येतात.
म्हैस पान्हवत नाही, पोर रात्री दचकतं,
कुणाच्या ट्रॉलरचं इंजिन भर समुद्रात उगाच बंद पडतं.
मी सांगते, मी देवगडात बर्फाच्या फॅक्टरीत हिशेब लिहिते,
इंजिनाला मेकॅनिक बघा.
तरी ते नारळ ठेवून जातात.
नारळ मी विकते.

डबी उघडली ती विकायला काढायची म्हणून.
अवसेची, संध्याकाळची ओहोटी,
तिवरांच्या मुळांत चिखल बोटं चोखत होता,
आणि तो पायरीवर उभा.
गुडघ्याखाली नुसतं पाणी,
खांद्याला कालवं धरलेली.
कचेरीतल्या शिपायासारखा वैतागून म्हणाला,
“सांग, काय हाडू?”

गिऱ्हा.
ज्याच्या नावानं लहानपणी आमची तिन्हीसांजेची खाडी बंद झाली.
ओळखीच्या आवाजात हाक मारतो,
उथळ म्हणेल तिथे तळ नसतो.
बापानं त्याला अठरा वर्षं राबवला.
मासळी, लोकांच्या हरवलेल्या नथी,
आणि एकदा भाऊबंदाच्या गोड्या विहिरीत खारं पाणी.

मी म्हटलं, काही नको. बस.
त्याला बसता येईना.
तसं त्याला कुणी कधी म्हटलंच नव्हतं.

मग रोज यायला लागला. म्हणजे,
मी रोज डबी उघडायला लागले.
तिसऱ्या कुठे पोसल्यात ते सांगायचा,
बुडालेल्या पडावातली घंटा
उधाणाला आपोआप कशी वाजते ते सांगायचा.
मी त्याला डिझेलचा भाव वाचून दाखवायची.
हसला की घागर बुडाल्यासारखा आवाज व्हायचा.
एकदा त्यानं माझं मनगट धरलं.
माझे हात बर्फाला सरावलेले,
दुसरीला झेपलं नसतं.

त्याच रात्री विचारलं,
तुझा जीव आहे का माझ्यावर?
तो म्हणाला,
“डबी तुज्याकडे आसा. तू म्हणशीत तसा.”

पहाटेपर्यंत मी बापाची वही चाळली.
बांधायचे मंत्र सतरा, शाई फुटलेली,
एकेका मंत्रापुढे कोंबड्याचा खर्च मांडलेला.
सोडायचा एकही नाही.
कुणाला कधी गरजच पडली नसावी.

मंत्राशिवायच गेले मग.
पुनवेच्या मध्यरात्री, पाणी पायरीच्या कानाशी लागलेलं,
डबी उपडी केली.
केस पाण्यात पडला आणि नवस्या मासळीगत
वळवळून गेला.
तो बघत राहिला. मग तोही गेला.
मागे वळला नाही.
मी डबी घासून त्यात चुना भरला.

अकरा रात्री.
तेवढ्यात चौदा नारळ आले, फॅक्टरीचं ऑडिट झालं,
एका बाईच्या पोराचा ताप माझ्या हात लावण्यानं उतरला
आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

बाराव्या रात्री खाडीतून हाक.
मी सवयीनं कान दिला,
आता कुणाचा आवाज? बापाचा?
नाही. आईचा? नाही. माझाच? तोही नाही.
घोगरा, फाटका, कुठे थांबायचं ते न कळणारा,
कधीच न वापरलेला आवाज.
पहिल्यांदाच तो कुणाच्या तरी नव्हे,
स्वतःच्या गळ्यानं बोलत होता.

“चैताली, ये गो. हय उथळ आसा.”

हे कसलं उथळ ते मला ठाऊक आहे.
घाड्याची पोर आहे मी.
चपला काढल्या, पायरीवर जोडून ठेवल्या,
डावीत स्कूटरची किल्ली.
सकाळी साडेआठची ड्युटी आहे,
हेही त्याला ओरडून सांगितलं.