रोख

सर्जेकोटला बर्फाच्या कारखान्यात मी बिलं लिहिते.
पहाटे लाद्या घसरतात, यंत्रात भुगा होतो,
मी कार्बन सरळ करते:
नाव, लाद्या, रोख की उधार.

वसुलीही माझ्याकडेच.
"बर्फ पाणी झालो, आता पैशे कसले?"
असा एखादा तांडेल दर मोसमात भेटतो.
मी म्हणते, काका, बर्फाचं पाणी होतं,
बिलाचं नाही होत.

आईचं खातं वेगळं.
भरती-ओहोटीच्या वेळा छापलेली कॅलेंडरं,
बारा वर्षांची, सुतळीने बांधलेली.
दर पाच तारखेवर तिचं बारीक अक्षर:
नाय इले.
कोर्टाने ठरवले होते महिना नऊशे,
मी पहिलीत गेले तेव्हापासून अठराची होईपर्यंत.
अकरा वेळा आले.
एकशे तेहतीस वेळा नाय इले.

दर वर्षी, मुदत संपायच्या आत,
गोलमो विकून उरलेल्यातून
ती मालवणला दरखास्त लावून यायची.
बेलिफ लिहायचा: घरी मिळून आला नाही.
समुद्रावरचा माणूस घरी कसा मिळणार?

मला मिळाला. नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात.
पान सत्तेचाळीस,
'सातेरी प्रसन्न', मालक घनःश्याम जयराम कुबल.
चाळीस लाद्या, रोख.
पस्तीस लाद्या, रोख.
वही मागून वही उघडत मागे गेले,
एकदाही उधार नाही.
शेठ म्हणाले, अशी गिऱ्हाईकं हवीत.

मी पानावर हात ठेवून बसले.
हात ओला झाला. तिथे सगळंच ओलं असतं.
बरोबरच आहे म्हणा,
बर्फ वेळेवर नाही घेतला तर सुरमई नासते.
आम्ही दोघी टिकत होतो,
मिठावर.

शेठना विचारून झेरॉक्स काढल्या.
कोर्टातल्या क्लार्कने चष्म्यावरून पाहिलं,
"मुलगी सज्ञान झाली ना? मग आता कशाला?"
आई म्हणाली,
"चेडू मोठा झाला. पण जेवला ता न्हान आसतानाच मा?"

बेलिफ केबिनवर जप्तीचा कागद डकवत होता
तेव्हा तो धक्क्यावर जाळं सांधत होता.
बर्फाला नेहमी खलाशीच यायचा,
त्यामुळे हा इतक्या जवळून पहिल्यांदाच.
त्याने मान वर केली,
माझ्या हातातली कारखान्याची वही ओळखली.
"बर्फाची बाकी नाय हां माझी.
सगळे रोख दिलंय."

ठाऊक आहे, मी म्हटलं.

पहिला हप्ता गेल्या सोमवारी आला.
आईने सुतळी सोडली, तळातलं कॅलेंडर काढलं.
'नाय इले' खोडलं नाही,
पुढे लिहिलं, इले,
आणि आजची तारीख, चौकटीबाहेर जात.
"ह्या महिन्यात तुका काय होया होता, आठवता?"
मला नाही आठवलं.
"माका आठवता," म्हणाली,
आणि गोलमो उन्हात परतायला उठली.