पहिला घाणा

व्हर्लीन, तुला न विचारता
मी तुझ्या आईची बिडाची कढई खरवडली.
हे आधीच कबूल करून टाकतो.

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट पुढे सरकवला तेव्हा
तू एवढंच विचारलंस, "घासभर पावसुद्धा नाही?"
"कणभरसुद्धा नाही."
परतताना यॅझू नदीच्या पुलावर
तू गाडीची काच खाली केलीस, पुन्हा वर केलीस.
एकसष्टाव्या वर्षी गहू वैरी निघाला.

तरी दर रविवारी चर्चनंतरच्या जेवणाला
तू चिकन तळत राहिलीस,
तोंडाला फडकं बांधून, मैद्यात घोळून,
चाळीस माणसांना दोन टोपल्या.
स्वतः मात्र कोपऱ्यात
उकडलेलं अंडं सोलत बसायचीस,
मीठसुद्धा घरून पुडीत आणलेलं.
डीकन पर्विस बोटं चाटत म्हणाला,
"सिस्टर व्हर्लीन, तुमच्या हाताला तोड नाही."
तू हसलीस.
रिकाम्या पिंपात नट पडावा तसं वाजलं ते हसू.

मी जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केले.
मला चिकन येत नाही, लोखंड येतं.
जिच्यात इतकी वर्षं मैदा जळला
तिच्या काळ्या थरात मैदाच असणार.
गॅरेजमागे कॉस्टिकच्या पाण्यात दोन दिवस बुडवली,
मग तारेचा ब्रश.
थर सुटत गेला :
आपलं लग्न, पुराचं वर्ष,
तुझ्या आईला पुरून आल्यावरचं जेवण,
आणि खालून निघालं
लोकर कातरलेल्या मेंढीसारखं
करडं, ओशाळलेलं बीड.

तू पाहिलंस.
तीन दिवस बोलली नाहीस.
घरात फक्त फ्रिज बोलायचा.
मी जवसाचं तेल चोळून
कढई ओव्हनमध्ये भाजत राहिलो,
तपकिरीच्या पुढे काही जाईना.

चौथ्या दिवशी ओट्याशी एकटाच उभा राहिलो.
तांदळाचं पीठ, मक्याचं स्टार्च,
पॅप्रिका, मिरपूड, लसणाची पूड.
डब्यांवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचली,
बेकिंग पावडरची दोनदा.
रात्रभर ताकात मुरलेल्या तंगड्या
पिठात लोळवल्या आणि सोडल्या तेलात.

पहिला घाणा फसला.
अंगावरचं सगळं गळून तळाशी गाळ,
वर चिकन तरंगतंय उघडं,
कुणीतरी कपडे पळवल्यासारखं.

मागे खुर्ची सरकली.
"घाई, होझिया. जन्मभर घाई.
घोळलं की जाळीवर ठेवायचं. अर्धा तास.
पिठाचा पांढरेपणा जाऊन अंग ओलसर दिसलं
की मग सोडायचं.
गहू आपणहून धरून बसतो.
तांदळाला वेळ द्यावा लागतो."

अर्धा तास आपण दोघं
त्या जाळीकडे बघत बसलो,
लेकीच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर बसलो होतो तसे.
मधेच तू म्हणालीस,
"आईने ही जळक्या मालाच्या लिलावात घेतली होती.
दीड डॉलरला.
तेव्हाही असलीच दिसत असणार.
काळी तर तिने केली."

दुसरा घाणा आधी तडतडला, मग बारीक होत गेला.
तू कान देऊन ऐकत होतीस.
माझ्या हातातला चिमटा कधी काढून घेतलास
कळलंच नाही.
रंग नेहमीपेक्षा फिकाच आला.
तू एक तंगडी उचललीस, फुंकर घातलीस.
कुर्रम.
डोळे मिटून बराच वेळ चावत राहिलीस.
मी काही विचारलं नाही,
शेगडीच्या बटणाशी उगाच खेळत राहिलो.

"मीठ कमी आहे,"
म्हणालीस, आणि दुसरी घेतलीस.

आता रविवारी तिसरी, लहान टोपली जाते,
निळ्या फडक्याखाली.
वर गॅरेजच्या मार्करने मी लिहिलंय :
व्हर्लीनची. कुणी हात लावू नये.
आणि त्याखाली, जरा मोठ्या अक्षरात :
पर्विस, तूसुद्धा.