पाणी वापरले : शून्य लिटर

उत्तराणाच्या दिवशी दांडिया बाजारातल्या आमच्या ठाण्यात
आगीची वर्दी सहसा येत नाही.
येते ती पाखरांची.

कालच्या गोदामाचा वास अजून पाइपांना.
मनोऱ्यात टांगलेत ते, थेंब थेंब गळतायत.
बंब पुसून उभा. हूटर गप्प.
आणि चाळीस फुटी शिडी, माणसं उतरवणारी,
निघाली एका शराटीसाठी.

कडुलिंब. खाली अख्खी पोळ माना वर करून,
गच्चीगच्चीवरून "काप्यो छे!"
जसुभाईंनी शिडीचा पाय धरला,
"शिर्के, धीरे."

मांजा पंखात पार हाडापर्यंत.
माझ्या जाड हातमोज्यांना
बंद दारामागची आग कळते,
दोरा कळेना.
काढले. दातांत धरले.
उघड्या बोटांखाली
लिंबाएवढं काहीतरी धडधडत होतं.

काल गोदामातून त्या पोराला उचललं
तेव्हा मोजे काढायला वेळ नव्हता.
जिन्याच्या सतरा पायऱ्या
मला माहीतच नव्हतं
मी काय घेऊन उतरतोय.

परत येऊन नोंदवहीत लिहिलं :
वेळ पाच चाळीस. जीवितहानी नाही.
पाणी वापरले, शून्य लिटर.

बोटाला मांजाची चीर पडलीय.
तिच्यासाठी रकाना नाही.