दीड टन

मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर
एसी बसवायला गेलो होतो. एप्रिल, दुपारचे दोन.
सौदे उरकलेले. हमाल पोत्यांना टेकून बसले होते,
पापण्यांसकट पिवळे.

पिरगोंडाला म्हटलं, जरा हात लाव, गच्चीवर न्यायचाय.
त्यानं खोक्यावरचं वाचलं : दीड टन.
मग एकट्यानंच खांद्यावर घेतलं
आणि जिन्याच्या मध्यावर थांबला.
"मिस्त्री, हे पस्तीस किलोच्या वर न्हाई.
दीड टन कुठं हाय ह्यात?"

त्याचा खांदा म्हणजे काटा. तीस वर्षं
पन्नासाला पन्नासच म्हणत आलेला.
थाप मारायची सोय नव्हती.

ब्रॅकेट ठोकता ठोकता सांगितलं,
आयटीआयच्या सरांनी सांगितलं होतं तसंच :
हा टन वजनाचा नाही, गारव्याचा.
टनभर बर्फ रात्रंदिवसात वितळताना
जेवढी उष्णता पितो, तेवढी हे मशीन बाहेर फेकतं.
आणि तो टनसुद्धा आपला नव्हे, अमेरिकेतला,
दोन हजार पौंडांचा. आखूड टन.
नऊशे सात किलोतच संपतो.

पिरगोंडानं बोटांवर मोजलं.
"म्हंजी त्र्याण्णव किलो गायब.
दोन पोत्याला सात कमी. कुणी खाल्लं?"
कुणीच नाही, म्हटलं. त्यांचा टनच तेवढा.
"आसं ऊस घालायला गेल्यावरबी म्हंत्यात,
ट्रॉली काट्यावरनं उतरली की."
तंबाखू मळत तो बराच वेळ हसला.
"मी हमाली मातर दीड टनाची घेणार. जाऊ दे, आखूड धरून."

मी नट आवळत होतो. मला हसू आलं नाही.
ते त्र्याण्णव किलो माझ्या ओळखीचे होते.

अब्बा मिरजेच्या बर्फ कारखान्यातून
पहाटे चाळीसची लादी कॅरिअरला बांधायचे.
भुसा, त्यावर गोणपाट, त्यावर अम्मीची फाटकी गोधडी.
पुढच्या दांडीवर बसून मी मागं बघायचो :
विश्रामबागेपर्यंत रस्त्यावर एक ओली रेघ
आमच्यामागून यायची, उन्हात पुसत पुसत.
हरभट रोडच्या रसवंतीत लादी तराजूत ठेवली
की छत्तीस. पावसाळी हवा असली तर साडेछत्तीस.
कारखाना निघालेल्याचे पैसे घ्यायचा,
रसवंतीवाला पोचलेल्याचे द्यायचा.
मधले चार किलो अब्बांच्या पँटीच्या बुडाला,
चेनला, आणि पुढं पुढं
गुडघ्यांत.

कुणी खाल्लं, असं मी कधी विचारलं नव्हतं.

बटण दाबलं. पेढीतला मुनीम "आहाहा" म्हणाला.
मागच्या भिंतीवरच्या नळीतून बऱ्याच वेळानं
पहिला थेंब हळदीच्या धुळीत पडला,
मग दुसरा.
पिरगोंडानं खाली तळवा धरला.
"घ्या मिस्त्री," म्हणाला,
"आला बघा तुमचा कडता."